हरवलेले साडेदहा तास

मी पृथ्वीचा एक जुना गोल, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आजवर पहिल्या भेटीत माझ्यावर कुणीच विश्वास ठेवलेला नाही. लहान मुलं मला बघून विचारतात, "मग खालच्या बाजूची माणसं पडत का नाहीत?" मोठी माणसं विचारत नाहीत, नुसती एक भुवई वर चढवतात. ती चढलेली भुवई मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता तिची सवय झाली आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका शहरात, पत्र्याच्या छपराखाली झाला. आधी मी पुठ्ठ्याचा पांढरा, मुका चेंडू होतो. मग एका बाईने मोसंबीच्या फोडींसारख्या बारा कागदी पट्ट्या खळ लावून एकेक करून माझ्या अंगावर बसवल्या. एका पट्टीवर वाळवंट, दुसरीवर नुसतं निळं पाणी. बारावी पट्टी बसली आणि पृथ्वी पुरी झाली. त्या बाईने एक डोळा मिटून माझा प्रत्येक सांधा न्याहाळला, नख फिरवून पाहिलं आणि मगच मला तिरक्या दांडीवर चढवलं. तपासलं जाणं पहिल्या दिवसापासून माझ्या नशिबात आहे.

पुढे नांदेडच्या एका पुस्तकांच्या दुकानात मी वर्षभर कंपासपेट्यांच्या शेजारी बसून होतो. तिथून मला केरबा गुरुजींनी नेलं. गुरुजी लोह्याकडचे. त्यांच्या घरात पुस्तक हातात धरणारे ते पहिले. म्हणून पुस्तक असो की गोल, ते दोन्ही हातांनी धरत. लातूरचा तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता आणि गुरुजींची बदली तिथल्या मुलींच्या शाळेत झाली होती. नांदेड ते लातूर मी एस.टी.त त्यांच्या मांडीवर बसून आलो. वाटेत एका म्हाताऱ्याने विचारलं, "गुरुजी, कलिंगड का?" गुरुजी म्हणाले, "हाव, पण कापायचं न्हाई. नुसतं बघायचं."

माझ्या अंगावर लातूर नव्हतं. एवढ्याशा गोलावर एवढंसं गाव मावणार कसं? गुरुजींनी निळ्या शाईने मोहरीएवढा ठिपका काढला आणि वर्गाला म्हणाले, "ह्ये आपण." मुली रांगेने आल्या, प्रत्येकीने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि प्रत्येकीला वाटलं, आपण जगाला शिवलो.

शाळेची झाडलोट पंचफुलाबाई करी. ती मला रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि पुसता पुसता गुणगुणायची:

गोल गं पृथिमीचा, फिरं बोटाच्या धक्क्यानं
लेक निघाली दूरदेशी, वाट मोजावी कशानं

मग पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष, मग दुसरं वर्ष. विहिरींच्या तळाशी आधी चिखल दिसला, मग भेगा. ओल्या फडक्याची चैन संपली. पंचफुलाबाई मला कोरड्या पदराने झटकायची आणि म्हणायची, "जगातलं समदं पाणी ह्याच्या अंगावर, अन् ह्याला पुसाया थेंब न्हाई!"

त्याच दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट आहे, मित्रांनो. ती शिवगंगाची आहे.

शिवगंगा आमच्या शाळेत पाचवीला शिकवायची. गंजगोलाईजवळच्या गल्लीत तिचं घर. वडील वीरण्णा धान्याचे आडते. पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून तळातलं धान्य तळहातावर काढायचं, दाताखाली फोडायचं, मग बोलायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. वरवर चांगलं दिसणाऱ्या प्रत्येक पोत्याचा त्यांना संशय यायचा, आणि हळूहळू माणसांचाही येऊ लागला होता.

शिवगंगाचं लग्न नांदेडच्या शिवमूर्तीशी ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने तिला एकदाच पाहिलं होतं, वीस मिनिटं, पोह्यांच्या बशीआडून. नंतर तो नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेला. तिथे तो पुलांची आखणी करी. निळी हवाई पत्रं येत. शिवगंगा ती शाळेच्या टेबलावर माझ्या सावलीत उघडायची, म्हणून मलाही ठाऊक आहे: पोरगा कमी लिहायचा, पण खोडून लिहायचा नाही.

लग्नाची तारीख पंचांगाने काढली नव्हती, नळाने काढली होती. त्या गल्लीला आठ दिवसांतून एकदा, बुधवारी सकाळी, दोन तास पाणी येई. बुधवारी पिंपं भरायची आणि गुरुवारी लग्न उरकायचं. लग्न लावणाऱ्या स्वामींनीही मान डोलावली होती: "पाणी असंल तो मुहूर्त." तो गुरुवार चुकला, तर पुढचं पाणी पुन्हा आठ दिवसांनी, आणि शिवमूर्तीची रजा सगळी मिळून दहाच दिवसांची. म्हणजे लग्न पुढच्या वर्षावर. आणि वीरण्णा पुढच्या वर्षापर्यंत थांबणाऱ्यातले नव्हते.

चैत्रात शिवमूर्तीचं पत्र आलं. 'रविवारी रात्री आठ वाजता न्यूयॉर्कहून विमान सुटतं आणि मंगळवारी रात्री एक वाजता मुंबईला पोचतं. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. मधले मुक्काम धरून साडेअठरा तास लागतात. परतीचं विमान मुंबईहून पहाटे तीनला निघून त्याच दिवशी दुपारी साडेबाराला न्यूयॉर्कला उतरतं.'

पुढचं मी शिवगंगाच्याच तोंडून ऐकलं: घरी वीरण्णांनी पत्र दोनदा वाचलं. मग बोटांवर मोजायला लागले.

"रविवार रात्री आठ ते सोमवार रात्री आठ, चोवीस. वर पाच. एकोणतीस तास. अन् पोरगा लिहितो साडेअठरा. मल्लम्मा, मधले साडेदहा तास कुठं गेले?"

मल्लम्मा ही शिवगंगाची आई, उदगीरची. ती तूर पाखडत होती. म्हणाली, "जेवला असंल कुठंतरी."

"साडेदहा तास जेवून राहिला का? अन् जाताना बघ. तीनला निघतो, साडेबाराला पोचतो. साडेनऊ तास! येताना एकोणतीस, जाताना साडेनऊ. एकच वाट, एकच गाडी. ह्या तराजूत पासंग हाय, म्या सांगतो. वाटंत कुठंतरी दुसरं घर हाय त्याचं."

 दुसऱ्या दिवशी वर्गात शिवगंगाने फळ्यावर सातचा पाढा लिहिताना सात साते अठ्ठेचाळीस लिहिलं, आणि मुली हसल्या तेव्हा तिलाच कळेना, का हसतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर वीरण्णा स्वतः आले, खिशात पोतं शिवायची सुतळी घेऊन. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर त्यांनी न्यूयॉर्कवर एक टोक धरलं, मुंबईवर दुसरं, आणि सुतळी खालच्या मोजपट्टीला लावली.

"सोळा हजार. पोरगा लिहितो साडेबारा. साडेतीन हजार किलोमीटर गिळले ह्यानं."

केरबा गुरुजी हसू दाबत म्हणाले, "अप्पा, नकाशाला इचारू नका. नकाशा म्हंजे मोसंबीची साल पाटावर चेपल्यावाणी. कुठंतरी ताणतीच."

"तेच म्हणतो. त्या पलीकडच्या महाराष्ट्राच्या नकाशात आपला जिल्हाबी न्हाई. आपण अजून उस्मानाबादच्या पोटात दिसतो. जे नकाशे लातूर दाखवीत न्हाईत, ते अमेरिका खरी दाखवतील का?"

गुरुजींनी मला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. "आता हितं धरा सुतळी. ताणून."

मित्रांनो, तो क्षण मी विसरलो नाही. सुतळी माझ्या अंगावर ताणली गेली आणि आपोआप वर सरकली. समुद्राच्या मधून जायचं सोडून थंडीच्या देशांच्या कडेकडेने वळली. गुरुजींनी ती मोजली. "साडेबारा हजार. पोरगं खरं बोललं."

शिवगंगाने पुढे होऊन माझ्यावर हात पसरला. अंगठा न्यूयॉर्कवर, करंगळी मुंबईवर. बरोबर एक वीत भरली. ती वीत तिने जरा जास्तच वेळ तिथे ठेवली. अप्पा बघताहेत हे लक्षात आल्यावर झटकन उचलली.

"अंतराचं समजलं," वीरण्णा म्हणाले. "पण तासांचं काय?"

गुरुजींनी मला खिडकीतल्या उन्हात नेलं. "हे बघा, लातूरवर ऊन हाय, तवा न्यूयॉर्कवर अंधार. आपलं घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेदहा तास म्होरं पळतं. पोरगा निघतो तिकडच्या घड्याळात, पोचतो आपल्या घड्याळात. तुमच्या एकोणतिसातून साडेदहा काढा, साडेअठरा उरले. जाताना साडेनवात साडेदहा घाला, वीस झाले. झाला का तराजू सरळ?"

"साडेअठरा अन् वीस. दीड तासाचा फरक हायेच की."

"जाताना समोरून वारा लागतो, अप्पा."

"वाऱ्यावर ढकललं म्हंजे झालं! अन् खरं घड्याळ कोणतं? त्याचं का आपलं?"

"दोन्ही खरी. दोन्ही आपापल्या उन्हाशी इमान राखून हायेत."

वीरण्णांनी सुतळी गुंडाळून खिशात घातली. "समजलं, गुरुजी. पण पटलं न्हाई. ह्यो गोल दोन-चार दिवस घरी नेतो. सावकाश बघतो." जाता जाता दारात थांबून म्हणाले, "अन् मुंबईला म्याच जातो त्याला आणाया. विमानातून उतरतो का दादरच्या लॉजमधून, ह्या डोळ्यानं बघतो. तवर हळद भिजवायची न्हाई."

असा मी त्या घरात गेलो, आणि दोन-चार दिवसांचे तीन आठवडे झाले. कोनाड्यात ठेवलं होतं मला, कडधान्यांच्या डब्याशेजारी. वीरण्णा सकाळी कपाळाला विभूती लावून झाली की माझ्यासमोर बसायचे, मला फिरवायचे, चष्म्यावरून बघायचे. पोत्याकडे बघावं तसं. मला तळ नाही, हेच बहुधा त्यांना खटकत होतं.

एकदा ते बाहेर गेल्यावर मल्लम्माने लेकीला हळूच विचारलं, "गंगा, तुला काय वाटतं गं? खरं सांग."

शिवगंगा मला पुसत होती. म्हणाली, "अव्वा, गुरुजींचं सगळं समजतं. तरी रात्री जाग आली की तेच साडेदहा तास डोक्यात येतात. माणूस काय, घड्याळामागंबी लपू शकतो."

बघा मित्रांनो, संशय असा असतो. एकाच्या घरात तो पाहुणा म्हणून येतो आणि दुसऱ्याच्या उशाला जाऊन बसतो.

लग्नाच्या आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळच्या एस.टी.ने वीरण्णा मुंबईला निघाले. 'मंगळवारी रात्री एक वाजता' हे पत्रात त्यांनी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. मंगळवारचा दिवस ओळखीच्या पेढीवर काढायचा आणि रात्री विमानतळावर उभं राहायचं, असा बेत. शिवमूर्तीलाही त्यांनी कळवलं होतं: 'मी स्वतः उभा राहतो.' मंगळवार गेला. मांडव घातला गेला. गल्लीतून मागून आणलेली सहा पिंपं अंगणात ओळीने उभी राहिली.

बुधवारी सकाळी साडेसहाला नळ खोकला, थुंकला आणि पाणी आलं. मल्लम्मा आणि शिवगंगा घागरीवर घागर ओतू लागल्या. चौथं पिंप भरत आलं होतं, तेवढ्यात शेजारच्या पेढीवरचे सिद्रामप्पा धोतर सावरत दारात आले. गल्लीतला एकुलता फोन त्यांच्याकडे होता.

"वैनी, वीरण्णाचा मुंबईहून फोन होता. रातभर उभा होता म्हणं. इमान आलं, समदी माणसं उतरली. पोरगा त्यात न्हाई." त्यांनी मांडवाकडे पाहिलं.  "मांडव उतरवा म्हणला. पाणी गल्लीत वाटून टाका, वाया घालू नका. अन् शाळेचा गोल शाळेत देऊन टाका."

मल्लम्मा घागर हातात धरून तशीच उभी राहिली. नळाचं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं आणि दुष्काळाच्या त्या वर्षात ते कुणी थांबवलं नाही. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. त्यांच्या काखेत घागरी होत्या. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्याकडेही आठवड्यातून एकदाच नळ खोकायचा.

तेवढ्यात तारवाला आला. तार शिवमूर्तीची. शिवगंगाने ती मोठ्याने वाचली. 'कोणीच भेटले नाही. समजलो. आज रात्रीच्या बसने नांदेडला जात आहे.' वर शिक्का होता: मुंबई, मंगळवार, सकाळी आठ चाळीस.

"मंगळवार सकाळ?" मल्लम्माच्या आवाजाला धार आली. "अगं, इमान तर मंगळवारी रात्री यायचं होतं! ह्यो सकाळीच मुंबईत कसा? म्हंजे तुझे अप्पा म्हणत होते तेच खरं. आधीपास्नंच तिथं बसला होता लबाड! तोंड वर करून तार धाडतो!"

दारातल्या बायकांत कुजबुज झाली. एकीने घागर खाली ठेवली, दुसरीने पुढे सरकवली.

शिवगंगा कोनाड्याशी आली. मला घ्यायलाच आली होती, शाळेत परत द्यायला. दोन्ही हातांनी तिने मला उचललं आणि दारातल्या उन्हाचा पट्टा माझ्यावर पडला. लातूरचा ठिपका उन्हात आला. अमेरिका तिच्या पदराकडच्या अंधारात होती.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

"अव्वा," ती म्हणाली, "तिकडं रविवारी रात्री आठला विमान सुटलं, तेव्हा इथं किती वाजले होते?"

"मला काय इचारती बाई, पाणी चाललंय!"

"आठ अन् साडेदहा. सोमवारी सकाळचे साडेसहा. आपण सोमवारी चहा पीत होतो ना, तेव्हा ते विमानात बसले." तिचं बोट माझ्यावरून सरकू लागलं, थंडीच्या देशांच्या कडेने, आणि ओठ मोजू लागले. "साडेसहात साडेअठरा घाल. रात्रीचा एक. सोमवारच्या रात्रीचा एक, अव्वा! मंगळवार उजाडायच्या आधी."

"मग त्यानं मंगळवार कसा लिहिला?"

"विमानवाल्यांचा वार रात्री बारालाच बदलतो. आपला दिवस उगवल्यावर बदलतो. त्यांनी तिकिटावर होतं तसं लिहिलं. आपण वाचलं आपल्यासारखं. अप्पांनी बोटांवर तास एकोणतीसच मोजले, म्हणजे सोमवारचीच रात्र; पण वार वाचून उभे राहिले मंगळवारी. अप्पा पोचायच्या आधीच ते उतरले होते. अप्पा उभे राहिले ते दुसऱ्या दिवशीच्या विमानाला!"

मल्लम्माने घागर खाली ठेवली. तिला सगळं समजलं असं नाही. पण सोमवारच्या त्या रात्री एक वाजता कुणी वार विचारला असता, तर तिनेही सोमवारच सांगितला असता, एवढं मात्र तिला नक्की समजलं.

"नांदेडची बस आपल्याच स्टँडवर थांबती," शिवगंगा उठत म्हणाली. "आठला येती. वीस मिनिटं थांबती. मी जाते."

"तू? नवरीनं जायचं स्टँडवर? लोक काय म्हणतील?"

"गोल शाळेत द्यायला चालले म्हणावं. अप्पांनीच सांगितलंय." मग ती दारातल्या बायकांकडे वळली. "काकू, मावशी, नऊ वाजेपर्यंत थांबा. मी एकटी परत आले, तर माझ्या हातानं तुमच्या घागरी भरून देते."

एक म्हातारी म्हणाली, "जा बाई. घागर कुठं पळून जाती व्हय."

शिवगंगा मला काखेत घेऊन जवळजवळ पळत निघाली. सगळी पृथ्वी तिच्या काखेत हिंदकळत होती. स्टँडवर पोचलो तेव्हा नांदेडची गाडी लागलेली होती आणि कंडक्टर चहाचा शेवटचा घोट घेत होता.

खिडकीशी तो बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, मांडीवर लहान बॅग. तिने त्याला ओळखलं. त्याने तिला ओळखलं नसावं. बशीआडून पाहिलेलं माणूस, त्यात काखेत पृथ्वीचा गोल.

"तुम्ही शिवमूर्ती ना?"

तो चमकला. मग ओळख पटली आणि चेहरा जास्तच घट्ट झाला. "तुमच्या वडिलांनी लिहिलं होतं, मी स्वतः उभा राहतो. रात्रभर उभा मी राहिलो. एक वाजल्यापासून उजाडेपर्यंत. लग्न मोडायचं होतं तर एका ओळीत कळवायचं. माणसाला सातासमुद्रापलीकडून बोलवून घेऊन..."

"अप्पा तुम्हाला आणायला मुंबईलाच गेलेत. कालची रात्र तिथंच उभे होते."

"काल? मी परवा उतरलो!"

"तेच सांगायला आलेय." ती खिडकीखाली उभी राहून मला वर धरून सांगू लागली. ऊन इकडे, अंधार तिकडे, तिकिटाचा वार, आमचा वार. चढणारी माणसं थबकून बघू लागली. एका आजोबांनी विचारलं, "बाई, कितीला दिला गोल?"

शिवमूर्ती ऐकत होता, पण भुवई चढलेलीच होती. तीच ती, माझ्या ओळखीची. "हे तुम्ही आत्ता जुळवून आणलंत कशावरून नाही? दोन वर्षांत तुमच्या वडिलांच्या प्रत्येक पत्रात चार प्रश्न आणि त्यांतले तीन संशय असायचे."

"असायचेच," शिवगंगा म्हणाली. तिला धाप लागली होती. "माझ्याही मनात होते. आज सकाळपर्यंत होते. तुमचे साडेदहा तास मी रोज रात्री शोधत होते. तुम्ही मला एका रात्रीसाठी बोलताय, मी तुम्हाला महिनाभर बोलले, मनातल्या मनात. पण आमच्याकडं वार दिवस उगवल्यावर बदलतो हो. तुम्ही नांदेडचेच ना? तुमचा वार कधीपासून अंधारात बदलायला लागला?"

त्याची भुवई खाली आली. त्याला आठवलं असावं, त्याच्या आईच्या घरीही असंच होतं.

कंडक्टरने घंटीची दोरी हातात घेतली. "ओ ताई, तुमची पृथ्वी बाजूला घ्या, गाडी हलंल. ओ साहेब, तिकीट नांदेडचं हाय, उतरलात तर पैसे परत न्हाईत."

"घरी चार पिंपं पाणी भरून ठेवलंय," शिवगंगा हळू आवाजात म्हणाली. "नऊला मी ते गल्लीत वाटणार आहे. तुम्ही उतरलात तर नाही वाटणार. बास, एवढंच."

 शिवमूर्ती बॅग खांद्याला लावून उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "टपावर माझी ट्रंक आहे. उतरवा."

"आत्ता? समद्यात खाली हाय की ती!" कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, पण हसत होता.

गल्लीत आम्ही शिरलो तेव्हा नऊला पाच कमी होते. दारातल्या बायकांनी आपापल्या घागरी न बोलता काखेत घेतल्या. मल्लम्माने अर्धा तांब्या पाणी, मोजून अर्धाच, पाहुण्याच्या पायांवर घातलं. मग उरलेला अर्धा त्या 'जा बाई' म्हणालेल्या म्हातारीच्या घागरीत ओतला. पेढीवर सांगून नांदेडला फोन लावला गेला, संध्याकाळी तिकडची माणसं आली, आणि हळद भिजली.

वीरण्णा गुरुवारी सकाळी परतले. गल्लीच्या तोंडाशी त्यांना सनई ऐकू आली. मांडव जागेवर. मांडवात तो पोरगा, पिवळा. ते चपलांसकट आत आले आणि नमस्काराला वाकलेल्या शिवमूर्तीला म्हणाले, "आधी पासपोर्ट."

 शिवमूर्तीने ट्रंकेतून पासपोर्ट काढून दिला. वीरण्णांनी चष्मा चढवला, मुंबईचा शिक्का उन्हाकडे धरला, तारीख वाचली, बोटांवर मोजली. पुन्हा मोजली. मग कुणाकडेही न बघता मांडवाच्या खांबाला टेकून बसले.

"मंगळवारचाच हाय," ते म्हणाले. आणि चष्मा काढून, "कुठं उभा होतास रं, रातभर?"

"बाहेरच्या दारापाशी, मामा. दोन नंबर लिहिलेला खांब आहे. त्याच्याखाली."

वीरण्णांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी कोनाड्यातून पाहत होतो; त्यावर चढायला भुवई उरली नव्हती.

"त्याच खांबाखाली म्या," ते म्हणाले. "पाठ टेकून. दोन नंबरच्या. तू उठलास, अन् म्या बसलो."

त्यांनी पासपोर्ट धोतराच्या सोग्याने पुसून परत दिला. मग स्वतः उठले, पिंपातून एक पेला पाणी घेतलं आणि जावयाच्या हातात ठेवलं. माफी मागायची तशी सवय त्यांना नव्हती. तेवढंच केलं.

मित्रांनो, त्यानंतर मी शाळेत परतलो. गुरुजी दर वर्षी नव्या वर्गाला ही गोष्ट सांगत आणि मुली मला डोक्यावर घ्यायच्या. शिवगंगा दूरदेशी गेली. गुरुजी निवृत्त होऊन लोह्याला गेले. पंचफुलाबाईचे हात थकले. मग वर्गात चकचकीत पडदा आला आणि मी कोठीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे गेलो. तिथे आता नुसती धूळ आहे आणि एक पाल.

मागच्या आठवड्यात बाद वस्तूंची यादी करायला दोन शिक्षक आले होते. एक म्हणाला, "ह्याच्यावरचे किती देश आता राहिलेच नाहीत. चुकीचा आहे. लिहा भंगारात." दुसऱ्याने लिहून घेतलं. मला हात कुणीच लावला नाही, फिरवलं कुणीच नाही. त्यांचं खरंही आहे. माझ्या अंगावरच्या काही रेषा आता खोट्या झाल्या आहेत. पण काही अजून खऱ्या आहेत, आणि कोणत्या ते बघितल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून तुम्हाला विनवतो. यादीवर अजून सही व्हायची आहे. कोठीच्या दाराची किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत, खिळ्याला असते. ती मागून घ्या. दार जरा अडकतं, खांदा लावून ढकला. माझ्यावरची धूळ फुंकरीने उडाली तरी चालेल. पाणी खर्चू नका. मग मला उन्हात न्या आणि तुम्हाला जो काही संशय असेल, तो मलाच विचारा.